लस नको म्हणणाऱ्यांचंही ऐकून घ्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पुढच्या साथीत लशीबद्दल लोकांशी कसं बोलावं, याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

२०२४ साली ऐन निवडणुकीच्या धामधुमीत लंडनच्या कोर्टातली एक बातमी पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होती. आपल्या कोरोनाच्या लशीमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, असं ॲस्ट्राझेनेका या औषध कंपनीने कागदोपत्री मान्य केलं होतं. तीच लस आपल्याकडे कोविशिल्ड नावाने आली, आणि ती बनली आमच्या हडपसर-मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. ‘म्हणजे आपल्याला फसवलं’ असं चांगली शिकलेली माणसं म्हणू लागली. वास्तविक केंद्राच्या आरोग्य खात्याने १७ मे २०२१ लाच हे जाहीर केलं होतं : गुठळ्यांची शक्यता असलेली २६ प्रकरणं, म्हणजे दहा लाख डोसमागे ०.६१. माहिती कुणी लपवली नव्हती. पण ती सांगितलीही नव्हती. दिल्लीत प्रसिद्धिपत्रक काढणं यालाच सांगणं म्हणायचं असेल, तर गोष्ट वेगळी.

मी निवृत्त शिक्षिका आहे. लशीच्या बाजूची आहे आणि माझे डोस मी वेळेवर घेतले. २०२१ च्या एप्रिलमध्ये वैकुंठ स्मशानभूमीत काय चाललं होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना लशीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. तेव्हा हे पत्र लसविरोधकांचं आहे असं समजून कृपया बाजूला ठेवू नये.

त्या वर्षी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्त्यांमध्ये आम्ही काहीजणी कोविनवर नावं नोंदवून द्यायला जात होतो. ‘ही माणसं अडाणी, अफवांना बळी पडतात’ असं वर बसून म्हणणं फार सोपं आहे. तिथे ऐकू आलेल्या कारणांपैकी अफवा थोड्या होत्या. सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते असं : ‘ताई, दोन दिवस ताप आला तर चार घरची कामं बुडतील. मॅडम तेवढ्यात दुसरी बाई बघतील.’ मार्केट यार्डातला हमाल हेच दुसऱ्या शब्दांत सांगायचा. दंड दुखला तर पोतं उचलायचं कसं? ताप येणं नॉर्मल आहे, असं आमच्याकडच्या पत्रकात छापलेलं होतं. खरंच होतं ते. पण त्या दोन दिवसांच्या मजुरीचं काय, याबद्दल पत्रकात अवाक्षर नव्हतं आणि आमच्याकडेही उत्तर नव्हतं. जिचा पगार तापातही चालू राहतो ती बाई लस घेते आणि जिचा थांबतो ती थांबते, यात अज्ञान कुठे आलं? साधा हिशेब आहे हा.

दुसरं कारण तर सरकारनेच पुरवलं. गर्भवतींना लस द्यायला परवानगी मिळाली २ जुलै २०२१ ला. त्याआधी केंद्रावर गेलेल्या पोटुशी बाईला ‘तुम्हाला नाही’ म्हणून परत पाठवलं, आणि जुलैनंतर तिलाच ‘अजून का घेतली नाही?’ म्हणून विचारलं. मधल्या काळात नेमकं काय कळलं, हे तिला कुणी बसून सांगितलं? तिची सासू म्हणाली, आधी वाईट होती, आता चांगली कशी झाली? प्रश्न बिनतोड आहे. कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ, मे महिन्यात बारा ते सोळा. यामागे शास्त्रीय कारण होतं, अंतर वाढवलं की संरक्षण चांगलं मिळतं असं दिसलं होतं. पण मे महिना म्हणजे दवाखान्यांच्या दारावर ‘आज लस उपलब्ध नाही’ अशा पाट्या लागलेला काळ. लोकांनी त्याचा अर्थ काय लावला असेल, हे सांगायला तज्ज्ञ नकोत. कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लशीचंही तेच. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही) जिच्यासाठी विषाणू दिला, त्या लशीला जानेवारीत तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती येण्याआधी ‘क्लिनिकल ट्रायल मोड’मध्ये, म्हणजे चाचणीसारखी देखरेख ठेवून, मान्यता दिली आणि लस घेणाऱ्यांकडून संमतिपत्रावर सह्या घेतल्या. मग माणसं म्हणाली, आमच्यावर प्रयोग करताय का? पुढे ती लस चांगली ठरली. पण त्या दिवशी सही करणाऱ्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

आणि एक गंमत (गंमत कसली!) त्याच मे महिन्यात झाली. ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट आणि गाडी, त्यांनी ॲपवर ग्रामीण केंद्रांचे स्लॉट पटकावले. शहरातल्या गाड्या गावच्या दवाखान्यासमोर उभ्या आणि गावकरी ओट्यावर बसून बघतायत. नंतर त्याच गावांकडे ‘प्रतिसाद कमी’ म्हणून बोट दाखवलं गेलं.

सक्तीबद्दल थोडक्यात. १८९७ च्या प्लेगात रँडच्या सोल्जरांनी घरं झडती घेऊन उपसली, तेव्हा पुणेकरांनी आजारी माणसं लपवली होती. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर काय झालं ते शाळेतली मुलंही सांगतील. त्या वर्षीचा साथरोग कायदा आपण २०२० मध्ये पुन्हा वापरला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, एक तरी डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस, पेट्रोल देऊ नका असा आदेश निघाला. अशाने आकडे वाढतातही. पण रेशनसाठी दंड पुढे करणाऱ्या माणसाची शंका त्याच्या पोटातच राहते, आणि पुढच्या लशीच्या वेळी ती त्याच्या लेकरांच्या आड येते. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने कुणालाही लशीची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं आणि दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवायलाही सांगितलं. पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला, दुसरा विसरला गेला.

मुद्दाम खोटं पसरवणारे असतात, त्यांचा बंदोबस्त करा. पण शंका विचारणारी बाई आणि ते लोक एका यादीत घालू नका.

मागणं फार नाही. पुढची साथ आली की रोजंदारीवरच्या माणसाला लशीनंतरच्या तापाच्या दिवसांची मजुरी द्या. घरेलू कामगार आणि माथाडी मंडळांकडे नावं आहेत, तिथून सुरुवात होऊ शकेल. आशाताईंच्या हाती टार्गेट द्यायच्या आधी उत्तरं द्या. गर्भवतीने काय विचारलं तर काय सांगायचं, साखर असलेल्याला काय, आणि ‘माहीत नाही, विचारून सांगते’ असं म्हणायची मुभाही. वस्तीत तिच्या शब्दाला मंत्र्यांच्या जाहिरातीपेक्षा किंमत आहे. राग मानू नये. या आशाताईंना जून २०२१ मध्ये, साथ चालू असताना, मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं होतं, हेही आठवून पाहावं.

आणि निर्णय बदलला की त्याचं कारण त्याच दिवशी, मराठीत, दवाखान्याच्या दारावर लावा.

तूर्तास एवढंच कळवावं : लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांची चौकशी करणारी समिती राज्यात आहे आणि जिल्ह्यातही आहे. पुणे जिल्ह्याच्या समितीने २०२१ पासून किती प्रकरणं तपासली, काय निष्कर्ष काढले आणि ते मराठीत कुठे वाचायला मिळतील? उत्तर आलं तर मी ते वस्तीतल्या बायकांना वाचून दाखवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सहकारनगर, पुणे