जूनमध्ये पणजीत कुठे आणि कधी जेवायचं

ती. आई-बाबांना सा. न.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही सांगलीहून येताय. माझं ऑफिस साडेनऊला सुरू होतं, म्हणजे सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण तुम्हा दोघांनाच बाहेर बघावं लागणार. पणजी लहान गाव आहे. चांगल्या हॉटेलांची लांबलचक यादी इथे निघत नाही. पण बहुतेक हॉटेलांत एखादा पदार्थ उत्तम होतो आणि तोही ठरावीक वेळेला. म्हणून नाव विचारण्याआधी घड्याळ बघा.

नाश्ता म्हणजे भाजी-पाव, आणि तो सात ते साडेनऊच्या मध्ये. सुकी भाजी बटाट्याची, पातळ भाजी वाटाण्याची नारळ घातलेली. ‘मिक्स’ म्हटलं की दोन्ही एका बशीत येतात. पातळ भाजी आचेवर राहून आटत जाते, मग त्यात गरम पाणी पडत राहतं आणि अकरापर्यंत तिची चव पार उतरते. पावही पोदेर (पाववाला) पहाटे टाकून गेलेला असतो, पुढचा ताजा संध्याकाळी. बन्स (केळं घातलेल्या गोडसर पुऱ्या) मात्र कढईतून निघतानाच घ्या, गार झाले की चिवट होतात. पणजीत कॅफे भोंसले या खाण्यासाठी जुनं आणि भरवशाचं. बाबा, पोई या इथल्या पावात कोंडा दिसतो म्हणून ती डायबेटिसला चालते असं धरू नका, हल्ली तिच्यात मैदाच जास्त असतो.

दुपारची नुस्त्याची (माशांची) थाळी साडेबारा ते दीड या तासात खायची. अडीचला गेलात तर हुमण (माशाची आमटी) तळाचं, किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर) संपलेली आणि तळलेला तुकडा मघाचा, परत गरम केलेला. रात्री बऱ्याच ठिकाणी थाळी नसतेच. १८ जून रस्त्यावरचं रिट्झ क्लासिक आणि ३१ जानेवारी रस्त्यावरचं आनंदाश्रम ही दोन नावं कुणीही सांगेल, आणि ती बरोबर आहेत. रिट्झला दुपारी गर्दी असते, आईच्या गुडघ्यांना ताटकळणं झेपायचं नाही, तर तिथे साडेबाराच्याही आधी पोचा.

बसल्यावर पहिला प्रश्न: ‘आयज नुस्तें कितें आसा?’ (आज मासे कुठले आहेत?) वेटरने दोन-तीन नावं चटकन सांगितली तर ठीक. सगळंच आहे म्हणाला तर बरंचसं फ्रीजरमधलं समजा. सुरमईला इथे इसवण म्हणतात. तिच्या तुकड्यात मधला एकच मोठा काटा, म्हणून आईने तीच घ्यावी. मुडदुशीही मऊ असते. मेनूकार्डावर किमतीच्या जागी ‘ॲज पर साइज’ लिहिलेलं असेल तर मासा तव्यावर जाण्याआधी बघून भाव विचारायचा, नंतर विचारून उपयोग नाही.

बांगडा मात्र नीट पारखा. तो नीट बर्फात राहिला नाही तर त्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते तळून-शिजवून जात नाही. तोंडात मिरीसारखी चुरचुर जाणवली तर तिथेच थांबा. यात एक घोटाळा होतो: बांगड्याच्या हुमणात तिरफळ असतं आणि तेही जीभ बधिर करतं. म्हणून परीक्षा तळलेल्या तुकड्यावर करायची, हुमणावर नाही. रव्याचा थर जाड असेल तर आधी तो बाजूला सारून मांस बघा. ताजं असेल तर घट्ट पाकळ्यांनी सुटतं, शिळं लिबलिबीत होतं. सोलकढी थोडी ठेवली की नारळाचं दूध आणि कोकमाचं पाणी वेगवेगळं व्हायला लागतं. ते चांगलंच. शेवटपर्यंत भडक गुलाबी राहणारी सोलकढी मला पटत नाही.

आता तुमच्या महिन्यांची अडचण. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, म्हणजे ६१ दिवस इसवण, पापलेट जे मिळेल ते बहुधा बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं. त्या दिवसांत नदी-खाडीचं मागा: शेवटो, काळुंदर, चणक हे मासे नाहीतर कुर्ल्यो (खेकडे). शेवट्यात काटे फार, तो बाबांनीच खावा. आणि खरं सांगू का, या दोन महिन्यांत शिवराक (शाकाहारी) थाळीच बरी. सोमवारी अनेक घरांत मासे करत नाहीत, तेव्हा हॉटेलांतही खतखतें, मुगागाठी, अळसांद्यांचं तोंडाक असलं काही बिनमाशाचं आहे का ते विचारून बघा. थाळीत जे मिळालं नाही ते मागून घ्यायला लाजू नका. बाबांच्या बीपीसाठी लोणचं, पापड आणि किसमूर बाजूला. किसमुरीतली सुकी सुंगटां (कोळंबी) खारट असतात.

गोव्याचं, पंजाबी, चायनीज आणि पिझ्झा अशी दहा-बारा पानांची यादी दिसली तर उठा. इतके पदार्थ रोज ताजे करणं छोट्या स्वयंपाकघराला शक्य नसतं. सकाळी टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी आणि कांद्याची तपकिरी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या करून ठेवतात, ऑर्डर आली की त्यातल्या एकीत पनीर नाहीतर कोंबडी सोडतात. म्हणून पनीर बटर आणि कोफ्ता चवीला भावंडं वाटतात. पंजाबीच खायचं असेल तर दाल फ्राय सांगा: फोडणी त्या क्षणाची असावी लागते, त्यामुळे आचाऱ्याचा हात लगेच कळतो. इडली-डोशाला चर्च स्क्वेअरजवळचं कामत पुरेल.

गुगल मॅप्सवरचे तारे बघून ठरवू नका. नदी दिसते म्हणूनही लोक पाच तारे देतात. अभिप्राय ‘नवीन आधी’ असे लावा, आणि लोकांनी काढलेल्या फोटोंत थाळी कशी दिसते ते बघा, हॉटेलने स्वतः टाकलेले फोटो सोडून द्या. किनाऱ्यावरचे शॅक पावसाळ्यात उतरवलेले असतात, कळंगुटच्या नुसत्या जेवणासाठी टॅक्सी करू नका.

बिलात जीएसटी ५ टक्के असतो. ‘सर्व्हिस चार्ज’ लावला असेल तर तो काढायला सांगा, तो देणं सक्तीचं नाही. आई, तू संकोचशील, म्हणून हे बाबांवर सोपवते.

रविवारी जुनी हॉटेलं बरीचशी बंद असतात, त्या दिवशी मी घरी आहे. चतुर्थीपर्यंत राहिलात तर तेव्हाही तेच, त्या दोन-तीन दिवसांचं आधी ठरवू. येताना तुझं ते काळं तिखट पाव किलो आण, इथे मिळत नाही.

तुमची,
मनू