सिग्नल-सीएलआय अपडेट करून घ्या, पावसाच्या आधी

मंडळी, ज्यांच्या मशीनवरनं सांगलीच्या आयर्विन पुलाच्या पाण्याचे अलर्ट जातात त्यांनी या रविवारी सिग्नल-सीएलआय (कमांड लाइनवरनं सिग्नल ॲपचे मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम) अपडेट करून टाका, ३ महिन्यांपेक्षा जुनं व्हर्जन सिग्नलच्या सर्व्हरशी जुळेलच असं नाही आणि कृष्णा ४० फुटाच्या इशारा पातळीला टेकल्यावर ते कळून काय उपयोग. आधी डेमन (मागं सतत चालू असलेला सिग्नल-सीएलआय) बंद करा, मगच होममधल्या .local/share/signal-cli फोल्डरची कॉपी काढा, अकाउंटच्या की (किल्ल्या) त्यातच असतात (मी मागं कॉपी न काढता उडी मारली आणि नंबर परत रजिस्टर करत बसलो, कॅप्चासकट). जावा पण नवीन लागू शकतं, बघून घ्या. झालं की स्वतःलाच एक मेसेज टाका. आणि क्रॉनमधला (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवतं ते) सिग्नल-सीएलआयचा जुना पाथ बदला, तिथंच सगळे गंडतात.