आमच्या रॉडला परत कोण बोलावणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या कपडे वाळवायच्या मशीनची बातमी मोबाईलवर वाचली आणि मागच्या डिसेंबरात पाणी तापवायच्या रॉडपायी आमच्या घरचा कापूस पेटला ते आठवलं म्हणून लिहून राहिलो. आपल्याकडं वॉशिंग मशीनच्या बाजूच्या डब्याला ड्रायर म्हणतात, तो नुसता गरगर फिरून पाणी काढतो. तिकडच्या ड्रायरमधी हीटर असतो, गरम हवेनं कपडे वाळतात आणि कपड्यातून बारीक तंतू निघत राहतो. व्हर्लपूल कंपनीच्या काही ड्रायरमधी हा तंतू हीटरला लागून पेट घ्यायचा. 2015 मधी कंपनीनं धोका आहे म्हणून सांगितलं, 2016 च्या ऑगस्टमधी लंडनात एका उंच बिल्डिंगला अशाच ड्रायरनं आग लागली, तरी सरकारनं दम दिल्यावर 2019 मधी जाऊन पाच लाखाच्या आसपास विकलेल्या मशिनी लोकांच्या घरून परत बोलावल्या. चार वर्षं गेली, पण बोलावल्या तरी.

तंतू आणि हीटर जवळ आले की काय होतं ते कापूसवाल्याला सांगा लागत नाही. भाव वाढेल म्हणून आमच्या गावात निम्म्या घरांत समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असतो, लेकरं त्यावरच झोपतात, आणि त्याच खोलीत बोर्ड, मोबाईलचे चार्जर, टीव्ही सगळं. आमच्याकडंही तसंच होतं. थंडी लय होती, पहाटे बादलीत पाणी तापवायचा रॉड लावला, रॉड अंगणाच्या दारात आणि एक्स्टेंशन बोर्ड खोलीत कापसाला टेकलेला. बायकोला जळका वास आला म्हणून वाचलो. तिनं आधी मेन स्विच पाडला, नाहीतर मी तसाच पाण्याची बादली घेऊन धावलो होतो. जाळ दिसतच नव्हता, कापूस आतल्या आत धुमसतो, वरून पांढराशुभ्र आणि हात घातला की चटका. शेजारचे दहा-बारा जण आले, सगळा कापूस अंगणात ओढला, तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ढिगातून धूर निघून राहिला होता. अग्निशमनची गाडी तालुक्याला, ती येईपर्यंत घर राहिलं नसतं.

वायरमननं नंतर सांगितलं की 1500 वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो आणि आमचा बोर्ड 6 अँपिअरचा, त्यात वायर बारीक, मग ती तापणारच. म्हणजे आमची चूक होतीच आणि ती मी मान्य करतो. पण रॉड पाहिला तर त्यावर कंपनीचं नाव धड नाही, पत्ता नाही, आयएसआय नाही. आठवडी बाजारातून घेतला, बिल नाही. पाण्याचा रॉड, इस्त्री, घरातली वायर यांना आयएसआय मार्क कायद्यानं सक्तीचा आहे, तरी असा माल उघड्यावर विकला जातो.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धोकादायक वस्तू बाजारातून परत बोलवायचे अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहेत. चांगलं आहे, पण बोलवायचं कोणाला साहेब? इंग्लंडात मशीनवर मॉडेल नंबर होता, लोकांनी तो पाहून आपली मशीन यादीत आहे का ते तपासलं. आमच्या रॉडवर पाहायला नंबरच नाही.

म्हणून दुकानदारांनी दोनशे रुपयाच्या वस्तूचंही पक्कं बिल द्यावं आणि आपणही मागावं, दहा रुपये कमी होतात म्हणून सोडू नये. आयएसआयच्या मार्कखाली जो लायसन्स नंबर असतो तो बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो, हे गावात कोणालाच माहीत नाही, मलाही आग लागल्यावरच कळलं. तक्रारीला 1915 नंबर आहे. कापूस भरलाच असेल तर त्या खोलीतला बोर्ड काढून टाका नाहीतर खोलीची लाइन तरी बंद ठेवा, एवढं हात जोडून सांगतो.

आणि तुम्हाला एक विनंती, कोणती वस्तू कंपनीनं किंवा सरकारनं परत बोलावली त्याची छोटी चौकट पेपरात छापत जा, मराठीत, कापसाच्या भावाच्या बाजूला छापली तर घरोघरी वाचली जाईल.

तो रॉड आणि वितळलेला बोर्ड मी फेकला नाही, कोठ्यात पोत्यात बांधून ठेवला आहे, कोणी तपासायला मागितला तर आणून देतो.

आपला वाचक,
एक कापूस उत्पादक शेतकरी,
ता. आर्णी, जि. यवतमाळ