‘आधी तुम्ही’ म्हणणाऱ्यांचा धंदा

संपादक महोदय,

इंडोनेशियातल्या पश्चिम जावामधली सुंदा माणसं धंद्यात मागे राहतात, कारण ‘मांग्गा ती पायुन’, म्हणजे ‘आधी तुम्ही व्हा पुढे’, ही त्यांची सवय, असं सरसकट बोललं जातं. (मराठी माणसाबद्दलही आपण असंच काहीबाही ठरवून बसलेलो असतो.) तिथल्याच तासिकमालायाचे ‘तुकांग किरिदित’ पाहिले की हे पटत नाही. भांडी, कापड, चटया दारोदार हप्त्यांवर विकणारे हे फेरीवाले गाव सोडून दूरदूर पसरले आहेत.

समजा, पातेलं 1,00,000 रुपियाला (रुपिया हे इंडोनेशियाचं चलन) घेतलं आणि 1,50,000 ला आठवड्याच्या दहा हप्त्यांवर दिलं. हप्ता 15,000. सहा हप्ते येऊन गिऱ्हाईक गायब झालं तर 90,000 हातात, मुद्दलालाच खोट. सातवा आला की मुद्दल सुटतं. नफा जवळजवळ सगळा शेवटच्या तीन हप्त्यांत, आणि नेमके तेच रखडतात, कारण तोवर पातेलं जुनं झालेलं असतं. म्हणून वार चुकवायचा नाही. एक खाडा पडला की ते पैसे दुसरीकडे गेलेच.

वसुलीला उपयोगी पडते ती सुंदा म्हण: ‘हेरांग चाईना, बेउनांग लाउकना’. पाणी नितळ राहिलं पाहिजे आणि मासाही मिळाला पाहिजे. एका दारात आवाज चढवला तर शेजारची चार दारं बंद होतात. पण याच स्वभावाची दुसरी बाजू म्हणजे ‘एरा’, मागण्याची लाज. भावकीत दिलेली उधारी मागवत नाही, परक्याकडे मागता येते. परगावी धंदा करण्याचा हा फायदा, माझ्या मते, फारसा कुणी मोजत नाही.

योग्याकार्ता शहरातल्या ‘बुर्जो’ या मुगाच्या खिरीच्या नि नूडल्सच्या टपऱ्या बहुतेक पश्चिम जावातल्या कुनिंगानच्या सुंदा लोकांच्या. विक्रेत्याला गिऱ्हाईक ‘आआ’, म्हणजे दादा म्हणतं. ‘सिलिह आसाह, सिलिह आसिह, सिलिह आसुह’ (एकमेकांना घडवा, जीव लावा, सांभाळा) हे इथे भरतीचं धोरणच आहे: जुना माणूस गावाकडच्या नव्याला हाताखाली घेतो. गोची गल्ल्यावर होते. पुतण्याकडे हिशेब मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं! अशा ठिकाणी आक्रमक विक्रीचे धडे कशाला? रोज रात्री गल्ला दोघांनी मिळून मोजावा, घरच्यांनी खाल्लेली नूडल्सची पाकिटंही वहीत मांडावीत. नियम सगळ्यांना सारखा असला की विचारायची वेळच येत नाही.

– एक वाचक