यलोस्टोन नको, लॅसनला जाऊया : आई-बाबांना पत्र

आई, बाबा,

रविवारी फोनवर हे सगळं बोलायचं होतं पण आपलं बोलणं कसं होतं तुम्हाला माहितीच आहे, बाबा स्पीकरवर, आई मागून "पाऊस आहे का गं", त्यात ईराला आजीला हलणारा दात दाखवायचा होता, आणि ट्रिपचं राहूनच गेलं. म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे, बाबा मोबाईलवर अर्धंच वाचतात आणि बाकीचं मनाने ठरवतात.

आधी इथलं. पाऊस आहे आणि धो धो आहे, घोडबंदर रोडचं काही विचारू नका. नौपाड्याच्या घरी चक्कर मारून आले, तुळस बरी आहे, बेडरूमच्या त्याच भिंतीला परत ओल आलीये, सोसायटीवाले म्हणतात पाऊस संपल्यावर बघू. मेंटेनन्स भरला. झालं.

आता ट्रिप. बाबा, बी विंगच्या काकांनी अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कच्या ओल्ड फेथफुल गीझरचा, म्हणजे जमिनीतून उंच उडणाऱ्या गरम पाण्याच्या फवाऱ्याचा, व्हिडिओ ग्रुपवर टाकल्यापासून तुमच्या डोक्यात यलोस्टोन बसलंय मला कळतंय. आणि ते आहेच तसं, १८७२ सालचं, जगातलं पहिलं नॅशनल पार्क, जगातले जवळजवळ निम्मे गीझर एकट्या तिथे. पण तुम्ही आत्ता आहात तिथून, दादाच्या कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून, ते एका बाजूने बारा तासांच्या वर गाडीने आहे, म्हणजे जाताना दोन दिवस येताना दोन दिवस, दादाला सुट्टी मोजकीच, आणि आईचा गुडघा दोन तास गाडीत बसला तरी उतरताना काय करतो ते आपण नाशिकच्या लग्नाला बघितलंय. विमानाने गेलो तरी तिथे रोज पार्कमध्येच तासन् तास फिरायचं, कारण ते अवाढव्य आहे. काकांनी व्हिडिओत गीझर दाखवला, त्याआधीचं पार्किंग शोधणं नाही दाखवलं.

मी आणि मंदारने बसून जे शोधलंय ते म्हणजे लॅसन व्होल्कॅनिक नॅशनल पार्क. हे कॅलिफोर्नियातच आहे, वर उत्तरेला, दादाच्या घरापासून तीन-साडेतीन तास. आय-फाइव्हने सरळ रेड ब्लफ, तिथून हायवे ३६ ने डोंगरात. नाव कोणी ऐकलेलं नसतं म्हणून गर्दीही त्या मानाने कमी. आणि बाबा, उकळतं पाणी, वाफा, गंधकाचा वास, ज्वालामुखी, तुम्हाला जे बघायचंय ते सगळं आहे, फक्त तो उंच उडणारा फवारा नाहीये. तेवढा एक सोडून द्या.

ज्वालामुखी म्हणजे पुस्तकातला जुनापुराणा नाही हं. लॅसन पीक १९१४ ते १९१७ जागा होता, मोठा स्फोट २२ मे १९१५ चा, राख शेजारच्या नेवाडा राज्यापर्यंत गेली. त्यानंतर सव्वा वर्षातच, ऑगस्ट १९१६ मध्ये, त्याचं नॅशनल पार्क केलं. लूमिस नावाचे तिथलेच एक गृहस्थ होते, त्यांनी तो डोंगर फुटताना एकामागून एक फोटो काढले, तेही त्या काळच्या कॅमेऱ्याने, आणि त्यांचं म्युझियम मँझनिटा लेकपाशी आहे, १९२७ चं. बाबा, तुम्ही तिथे तासभर तरी हलणार नाही हे मी लिहून देते.

खाली काय चालतं तर डोंगरावर पडलेला पाऊस आणि बर्फ वितळलेलं पाणी भेगांमधून खोल मुरतं, खाली अजून तापलेला खडक आहे, तिथे ते तापतं आणि वाफ होऊन मिळेल त्या फटीतून वर येतं. वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड येतो, म्हणून तो सडक्या अंड्याचा वास. त्याचंच पुढे ॲसिड होतं आणि ते ॲसिड खडक खाऊन त्याची माती करतं, मग त्या चिखलातून बुडबुडे येत राहतात, पिठलं रटरटतं ना अगदी तसं, फक्त राखाडी. मला वाचताना गंमत वाटली ती ही की उन्हाळा सरत जातो तसं पाणी कमी होतं आणि चिखल घट्ट होत जातो, म्हणजे आपण ऑगस्टच्या शेवटी जाऊ तेव्हा तो चांगला दाटसर असेल.

बाबा, तुमची आख्खी नोकरी बेलापूर रोडला बॉयलर हाऊसमध्ये गेली, तर इथे एका वाफेच्या तोंडाचं नावच बिग बॉयलर आहे. तिथली वाफ १६१ डिग्री सेल्सिअसपर्यंत मोजलीये, उघड्यावर, आठ हजार फुटांवर, जिथे साधं पाणी ९२ च्या आसपासच उकळतं. प्रेशर किती, सेफ्टी व्हॉल्व्ह कुठाय, हे प्रश्न तुम्ही रेंजरला विचारणार आणि दादा लांब जाऊन उभा राहणार.

आता आई, तुझा प्रश्न. नाही, आंघोळ नाही करायची. मला माहितीये गरम पाण्याचे झरे म्हटलं की तुझ्या डोळ्यासमोर वज्रेश्वरी, आकलोली, गणेशपुरी येतं, कुंडात पाय सोडून बसलं की गुडघे हलके होतात वगैरे. पण वज्रेश्वरीला खाली ज्वालामुखी नाहीये, तिथे पाणी नुसतं भेगांतून खूप खोल जाऊन कोमट-गरम होऊन येतं. लॅसनचं पाणी उकळतं आणि ॲसिडवालं आहे, हातसुद्धा लावायचा नाही. यमुनोत्रीला सूर्यकुंडात तांदळाची पुरचुंडी शिजवली होतीस तसलं पण काही नाही, तांदूळ नेऊ नकोस प्लीज. लाकडी पुलावरून किंवा आखलेल्या वाटेवरूनच चालायचं, कारण कडेची जमीन वरून घट्ट दिसते आणि खाली पोकळ असते. तिथल्या सगळ्यात मोठ्या जागेचं नाव बंपस हेल. बंपस नावाच्या माणसाचा पाय १८६५ मध्ये तिथेच पातळ कवच फुटून उकळत्या चिखलात गेला, आणि शेवटी तो पाय कापावा लागला. ईराला हे सांगितल्यापासून ती घरात पण फरशीच्या रेघांवरून चालत नाहीये.

उंचीचं नीट वाचा. सॅक्रामेंटो जवळजवळ समुद्रसपाटीला आणि पार्कचा रस्ता सर्वात वर ८५१२ फुटांवर, म्हणजे कळसूबाईपेक्षा तीन हजार फूट वर. एका दमात वर जाऊन संध्याकाळी परत, असा दादाचा प्लॅन होता, तो मी कॅन्सल केला. पहिल्या दिवशी फक्त चेस्टरपर्यंत जायचं, छोटं गाव आहे, साधारण साडेचार हजार फूट, म्हणजे आपलं महाबळेश्वर समजा. दोन रात्री तिथेच. आपल्या डॉक्टरांकडे जाऊन आले, बाबांचा स्टेंट आणि बीपीचे आकडे दाखवले, ते म्हणाले जाऊ द्या पण घाई नको, पाणी पीत राहायचं, गोळ्यांची वेळ चुकवायची नाही आणि धाप लागली किंवा छातीत जड वाटलं तर तिथेच थांबून खाली यायचं, शूरपणा नको. शेवटचे दोन शब्द डॉक्टरांचे नाहीत, माझे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्क. आत शिरल्या शिरल्या व्हिजिटर सेंटर आहे, टॉयलेट, कॉफी, नकाशे. तिथून जरा पुढे सल्फर वर्क्स, आणि आई, हे मी मुख्यतः तुझ्यासाठी बघितलंय, रस्त्याला लागूनच आहे, गाडीतून उतरायचं, पक्क्या फुटपाथवरून चार पावलं आणि समोर उकळता चिखल आणि वाफ. एका प्रचंड जुन्या ज्वालामुखीच्या पोटातली ती जागा आहे, वरचा डोंगर कधीच झिजून गेला. बंपस हेलला मात्र जाऊन येऊन तीन मैलांच्या आसपास चालायला लागतं, आणि शेवटी खाली उतरायचं असतं, म्हणजे येताना तोच चढ, दमलेल्या पायांनी. बाबांनी जायचं की नाही ते त्या दिवशी सकाळी बघून ठरवू, आत्ता शब्द देत नाही. आई नाही जाणार. आई आणि मी तोवर हेलन लेकपाशी बसू, ते त्या वाटेच्या तोंडाशीच आहे, खुर्च्या दादाच्या गॅरेजमध्ये आहेत, वहिनीने बघून ठेवल्यात.

पुढे रस्ता तसाच पार्कमधून उत्तरेला जातो, साधारण तीस मैल, मध्ये डेव्हस्टेटेड एरिया म्हणून एक छोटी सपाट वाट आहे, १९१५ ला डोंगरावरून वाहत आलेले खडक तिथे पडलेत. शेवटी मँझनिटा लेक, तळ्याकाठी सपाट वाट, समोर लॅसन पीक, आणि ते म्युझियम. काही ठिकाणी मैलच्या मैल जळलेली काळी झाडं दिसतील, घाबरू नका, २०२१ च्या डिक्सी फायरमध्ये पार्कचा निम्म्याहून जास्त भाग जळला. ऑगस्टमध्ये आगी आणि धूर असू शकतो म्हणून सगळं बुकिंग कॅन्सल करता येईल असंच घेतलंय. धूर असला तर जायचं नाही, बाबांच्या छातीशी खेळ नको. मे-जूनमध्ये का नाही असं बाबा विचारतील, तर तेव्हा त्या रस्त्यावर बर्फच असतो, कधीकधी जुलैपर्यंत.

बाबा, सिनिअर सिटिझन पास आपल्याला नाही मिळत, तो फक्त तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. गेटवर आधार कार्ड काढू नका. एका गाडीचं मिळून एकच तिकीट असतं, त्यामुळे हिशोब बरोबर बसतो.

खाण्याचं म्हणजे दशम्या, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, वहिनी आणि तू मिळून ठरवा. पण बेसनाच्या लाडवांचा डबा गाडीत रात्रभर ठेवायचा नाही, त्या भागात काळी अस्वलं आहेत आणि त्यांचं नाक बाबांपेक्षा तिखट असतं.

आता एक बोलायचंय, रागावू नका. तुम्ही दोघं प्रत्येक ट्रिपला एक वाक्य बोलता, "तुम्ही जाऊन या, आम्ही बसतो गाडीत." पाचगणीला तेच, मनालीला तेच, आई मांडीवर सगळ्यांच्या पर्सा आणि ईराचा रेनकोट घेऊन बसलेली, खिडकी बोटभर उघडी, आणि आम्ही परत आलो की "छान होतं ना रे?" आम्हालाच विचारते. बाबा पेपर वाचतात, तोच पेपर जो सकाळी वाचून झालेला असतो. आम्ही पण प्लॅन आमच्या पायांचा करायचो आणि मग तुम्ही बसून राहायचात. यावेळी उलटं केलंय, आधी आईला कुठे जाता येतं ते बघितलं आणि मग बाकीचं त्याभोवती बसवलं. त्यामुळे हे वाक्य यावेळी चालणार नाही. कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणा, पाय दुखला तर दुखला म्हणा, आपण सगळेच थांबू, मंदारला तर थांबायला कारणच हवं असतं. पण आमच्यासाठी म्हणून गाडीत बसू नका.

आम्ही तिघं तिकडे दहा दिवस आहोत आणि गणपतीच्या आधी परत यायचंय, मखराचं काम मंदारकडे आहे. आई, साडीवर स्पोर्ट्स शूज घालायची लाज वाटते तर वहिनीबरोबर जाऊन दोन पंजाबी ड्रेस घे, पैसे मी देईन, आणि शूज संध्याकाळी घालून बघ, सकाळी नको, तुझे पाय संध्याकाळी सुजतात. बाबा, वूलन टोपी आणि पातळ स्वेटर, हो ऑगस्टमध्येच. ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या कागदात स्टेंटचं लिहिलंय ना ते दादाला एकदा बघायला लावा.

शनिवारपर्यंत मला कळवा, त्यानंतर चेस्टरच्या रूम सोडाव्या लागतील. हो किंवा नाही. "बघू" हे उत्तर धरलं जाणार नाही.

तुमची,
मनू

ता. क. बी विंगच्या काकांना अजून काही सांगू नका, आधी जाऊन येऊ, मग व्हिडिओ टाका.