नऊशेने भागलेला प्रवास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूरच्या विमानतळांमधील अंतरांचा आपण काल छापलेला तक्ता वाचला. न्यूयॉर्क ते सिंगापूर 15,349 किलोमीटर हा आकडा बरोबर आहे. परंतु शेजारच्या रकान्यातील ‘17 तास 3 मिनिटे’ हे उत्तर अंतराला ताशी 900ने भागून काढले आहे, हे उघड दिसते. या थेट उड्डाणाला वेळापत्रकात साडेअठरा तासांहून अधिक वेळ दिलेला असतो. दीड तास गाळून वर तीन मिनिटांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या आपल्या संपादक मंडळाचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच.

हाच भागाकार एका ट्रॅव्हल एजंटने माझ्यासमोर केला होता. लंडनहून न्यूयॉर्कला जाऊन तेथून पुढचे विमान पकडायचे होते. तिकिटावर आठ तासांचा प्रवास स्पष्ट छापलेला असताना, ‘कंपन्या वेळ फुगवूनच छापतात, खरे अंतर बघा’ असे म्हणत त्या गृहस्थांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला, 5,540ला 900ने भागले आणि ‘सहा तास नऊ मिनिटे’ असा निकाल देऊन त्या हिशेबाने पुढचे तिकीट स्वतंत्रपणे काढून टाकले. अटलांटिकवर पश्चिमेकडे जाताना समोरून जेट प्रवाहाचे, म्हणजे खूप उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे, वारे असतात, हे कॅल्क्युलेटरला कोण सांगणार? विमान छापील वेळेवर उतरले, पुढचे मात्र निघून गेले होते. आणि दोन्ही तिकिटे वेगवेगळी असल्यामुळे दुसऱ्या कंपनीने हात वर केले. नवे तिकीट खिशातून काढावे लागले. एजंट महाशयांचे म्हणणे शेवटपर्यंत एकच: ‘अंतर तर तेवढेच आहे ना!’

हेच वारे पाठीशी असले म्हणजे काय होते, ते फेब्रुवारी 2020 मध्ये दिसले. न्यूयॉर्कहून निघालेले एक प्रवासी विमान पाच तासांच्या आत लंडनला पोहोचले. आपल्या तक्त्यात मात्र जाण्याला आणि येण्याला एकच आकडा. शिवाय विमान नकाशावरील सर्वांत जवळच्या वाटेने जाईलच, असे नाही. हेलसिंकी आणि टोकियो ही शहरे 2022 मध्ये जागची हलली नाहीत, पण युरोपीय कंपन्यांना रशियाचे आकाश बंद होताच सुमारे साडेनऊ तासांचा हा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्यात आणि उतरण्यापूर्वी घिरट्या घालण्यात जाणारा वेळ तर मी मोजतच नाही.

जाता जाता, त्याच तक्त्यात न्यूयॉर्क–सिंगापूरसमोर ‘8,288 मैल’ असेही छापले आहे. ते सागरी मैल आहेत, म्हणजे साध्या मैलापेक्षा लांब असलेले, जहाजे आणि विमानांसाठी वापरले जाणारे मैल. साधे मैल 9,537 होतात. आपला आकडा साध्या मैलांचा मानला, तर दोन हजार किलोमीटर आपणच गिळंकृत केले आहेत. तेव्हा पुढील अंकात दोन्ही दिशांचे वेळापत्रकातील तास वेगवेगळे छापावेत, अन्यथा प्रवासकाळाचा रकाना सरळ काढून टाकावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक