तुरुंगाचा अभ्यास म्हणजे नेमकं काय

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबांना वाटतं कम्युनिटी कॉलेज म्हणजे आयटीआय, आणि आईला वाटतं तुरुंगाचं शिक्षण म्हणजे दांडा चालवायचं शिक्षण. फोनवर सगळं अर्धवट राहतं, म्हणून लिहिते.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांची पदवी देणारं सरकारी कॉलेज. मी तिथे तुरुंग अधिकारी होण्यासाठी शिकतेय, आणि इथे कॅलिफोर्नियात या अभ्यासक्रमाला 'ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस' म्हणतात. पदवी ६० युनिटांची (युनिट म्हणजे अभ्यासाचं माप, क्रेडिट), बहुतेक विषय ३ युनिटांचे, म्हणजे नीट चाललं तर दोन वर्षं. राज्याच्या रहिवाशांना एका युनिटचे ४६ डॉलर. बाबा, घोळ होतो तो विषय निवडताना. 'ट्रान्स्फर'ची, म्हणजे पुढे विद्यापीठात शिकण्यासाठीची पदवी घेतली तर कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेशाची हमी असते, हव्या त्याच कॅम्पसची मात्र नाही. निव्वळ नोकरीसाठीचे विषय पुढे विद्यापीठात धरले जातीलच असं नाही. म्हणून पहिल्याच सत्रात समुपदेशकाकडून विषयांचा लेखी आराखडा करून घ्यायचा.

आई, आता तुझी काळजी. या कामात ताकदीपेक्षा लक्ष लागतं. कैद्यांची मोजणीच घे. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या तुरुंगात दुपारी ४ ला सगळ्यांनी उभं राहायचं. रात्री झोपलेल्यांना उठवत नाहीत, पण कातडी आणि श्वासाची हालचाल दिसल्याशिवाय आकडा धरायचा नाही. १९६२ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्कट्राझ बेटावरच्या तुरुंगातून तिघे पळाले, तेव्हा त्यांच्या पांघरुणांत खरे केस लावलेली नकली डोकी होती. पहारेकऱ्यांना सकाळपर्यंत कळलं नाही. आकडा जुळला नाही तर सगळी ये-जा थांबते आणि पुन्हा मोजतात. कोर्टात किंवा दवाखान्यात गेलेल्याची नोंद राहून गेली, तरी आकडा चुकतो.

दुसरं काम अहवाल लिहिण्याचं, आणि माझ्या मते खरा कस तिथेच लागतो. 'कैदी चिडला होता' असं लिहून चालत नाही. 'त्याने मूठ आवळली, दोन पावलं पुढे आला, मी थांब म्हटल्यावरही थांबला नाही' असं लिहायचं. वेळ २४ तासांच्या घड्याळाची. आपण पाहिलेलं आणि दुसऱ्याने सांगितलेलं वेगवेगळं ठेवायचं, कारण वर्षभराने कोर्टात उलटतपासणी होते ती त्या कागदावरच.

कायदाही पुष्कळ आहे. २०११ साली 'ब्राउन विरुद्ध प्लाटा' खटल्यात सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतली गर्दी मूळ क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणायचा आदेश कायम ठेवला. गर्दीमुळे आजारी कैद्यांना उपचार मिळत नव्हते, माणसं दगावत होती. शिक्षा कोठडीची झाली म्हणजे औषधावाचून मरण्याची झाली असं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

नोकरीआधी पार्श्वभूमीची कसून चौकशी होते. जुन्या किरकोळ चुकीपेक्षा ती लपवणं जास्त नडतं. बाबा, गेल्या १० वर्षांतले सगळे पत्ते तारखांसकट द्यावे लागतात. आपल्या सांगलीच्या भाड्याच्या घराचा पूर्ण पत्ता आणि ते सोडल्याचा महिना तेवढा कळवा.

तुमची,
मनू